तळ्यावरची मशीद : मुंबईच्या जुम्मा मशिदीची वाटचाल

मुंबईत शेख मेमन स्ट्रीटवर, झवेरी बाजार आणि क्रॉफर्ड मार्केट यांच्या मधल्या दाट पेठेत, जुम्मा मशीद उभी आहे. तिचे पहिले बांधकाम १८०२ मध्ये पुरे झाले, म्हणजे २०२७ साली तिला सव्वादोनशे वर्षे होतील. संस्थेचा इतिहास लिहायला बसले की मजले, देणग्या आणि पदाधिकारी यांची जंत्री देण्याकडे ओढा असतो. तशी जंत्री उपयोगाची असते, पण या वास्तूचे वेगळेपण तिच्यातून कळत नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : जागा देताना घातलेली एक अट आणि ती पिढ्यान् पिढ्या पाळण्याची जमातीची निष्ठा, यांतून या मशिदीचे रूप घडले. जागेवर पूर्वीपासून तळे होते. ते बुजवायचे नाही, ही ती अट. मशीद तळ्यावर उभी राहिली, तळ्यासह वाढली आणि म्हणूनच ती कोकण किनाऱ्याची झाली. इस्लामी उपासनेची गरज आणि इथल्या मातीतली बांधणीची रीत यांचा मेळ या मशिदीत नक्षीपुरता बसलेला नाही, तो थेट पायातच आहे.

१७७० चे दशक : जुनी जागा गेली, नवी अटीसह मिळाली

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचा किल्ला मजबूत करण्यासाठी तटाभोवतालचे मैदान मोकळे करण्याचे धोरण कंपनी सरकारने हाती घेतले. तोफांच्या माऱ्याच्या आड येणारी घरे, बागा आणि प्रार्थनास्थळे हटवली गेली. शहरातील जुनी जुम्मा मशीदही १७७० च्या सुमारास पाडली गेली. मशीद गेली तरी जमात होतीच. मुंबईच्या मुसलमान समाजात त्या काळी कोकणी मुसलमानांचे वजन मोठे होते. गलबतांचे मालक, तांडेल, नाखुदा, गोवा-कालिकतपर्यंत माल नेणारे व्यापारी अशी ही मंडळी. घरात बोलायची ती कोकणी-मराठी, आणि धर्मशास्त्रात मानायचा तो शाफई पंथ. अरबी समुद्राच्या व्यापारवाटेने हा पंथ मलबारपासून कोकणापर्यंत पसरला होता. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांच्यापासून विद्वत्तेची परंपराही याच समाजात चालत आली होती.

नव्या मशिदीसाठी जागा पुढे आली ती अशाच एका कोकणी व्यापाऱ्याची. तेव्हा इथे बागा होत्या, मोकळी जमीन होती आणि मध्ये मोठे तळे होते. व्यापाऱ्याने १७७८ च्या सुमारास जागा दिली ती तळे जसेच्या तसे राखले जाईल या बोलीवर. बांधकामाची सुरुवातही याच दशकातली मानली जाते. जागेच्या हक्कावरून निघालेल्या कायदेशीर प्रश्नांमुळे काम रखडले आणि पूर्ण व्हायला १८०२ साल उजाडले. त्या वेळच्या मतभेदांचा तपशील उकरण्यात आज हशील नाही. ते मिटेपर्यंत पाव शतक थांबण्याची तयारी जमातीने दाखवली, आणि त्या पाव शतकात तळ्याची अट कोणी मोडली नाही, एवढे नोंदवण्याजोगे आहे.

इथे कोणी आक्षेप घेईल की, तळे राखण्यात विशेष ते काय? प्रत्येक मशिदीत वजूसाठी, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धुण्यासाठी, हौज असतोच. हा आक्षेप वरवर रास्त वाटतो, पण हौज आणि हे तळे यांत मुळातच फरक आहे. हौज मशिदीसाठी बांधला जातो. त्याचा आकार, खोली आणि जागा मशिदीच्या आराखड्यावरून ठरते, आणि बहुधा तो अंगणात असतो. इथे क्रम उलटा आहे. तळे आधीचे, तळातल्या झऱ्यांवर जगणारे, आणि त्याच्यावर एकमजली इमारत उचलून धरलेली. आराखडा तळ्याने ठरवला. जमिनीची कमतरता नव्हती, भोवती बागा होत्या. तळे बाजूला ठेवून मशीद कडेला बांधता आली असती, किंवा पुढे संधी मिळताच तळे बुजवून जागा वाढवता आली असती. यांपैकी काहीही न करता तळ्यालाच मशिदीचा गाभा करण्यात आले.

१८०० चे दशक : नावातच कोरलेले साल

बांधकाम पुरे झाल्याचे साल जमातीने कालश्लेषात नोंदवले. अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला अंक असतो आणि एखाद्या शब्दसमूहाच्या अक्षरांची बेरीज केली की साल मिळते. इथे निवडलेला शब्दसमूह आहे ‘जहाज-ए-आखिरत’, परलोकीचे जहाज. बेरीज करून पाहावी : जीम ३, हे ५, अलिफ १, झे ७, मिळून १६. पुढे अलिफ १, खे ६००, रे २००, ते ४००, मिळून १२०१. दोन्ही एकत्र केले की १२१७. हिजरी १२१७ म्हणजे इसवी सन १८०२-०३. हिशेब चोख आहे, पण या नोंदीचे खरे मोल वेगळ्या कारणासाठी आहे. साल सांगायला कितीतरी शब्दसमूह जुळवता आले असते. निवडला गेला तो जहाजाचा. मशीद पाण्यावर उभी आहे आणि बांधणारे दर्यावर्दी आहेत, या दोन्ही गोष्टींची जाण बांधणाऱ्यांना होती याचा हा समकालीन पुरावा आहे. तळ्यावरची रचना निव्वळ नाइलाजाने झाली असे ज्यांना वाटते, त्यांना या कालश्लेषात पुरेसे उत्तर मिळते. नाइलाजाला कोणी आपल्या वास्तूची ओळख बनवत नाही.

याच सुमारास शहराचे चित्र पालटले. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी किल्ल्यात मोठी आग लागली आणि तिच्यानंतर देशी व्यापाऱ्यांची वस्ती मैदानापलीकडे, म्हणजे मशिदीच्या आसपास, झपाट्याने वाढू लागली. बागांची जमीन पेठ बनली. मशिदीभोवती दुकाने आली, आणि पुढे मशिदीच्या आवाराचा बाहेरचा फेरच दुमजली इमारतींचा झाला, ज्यांचे तळमजले दुकानांना भाड्याने दिलेले आहेत. या रचनेकडे तडजोड म्हणून पाहू नये. भाड्याच्या उत्पन्नावर उपासना, शिक्षण आणि दुरुस्ती चालवणे ही वक्फची, म्हणजे धर्मादाय मालमत्तेची, जुनी रीत, आणि रस्त्याकडे दुकान, आत चौक व घर ही इथल्या पेठांची नित्याची बांधणी. दोन्ही एकाच चौकोनात नांदतात. त्यामुळे बाहेरून जाणाऱ्याला आधी बाजार दिसतो, आत पाऊल टाकल्यावर चौक, आणि चौकाच्या मध्ये पाणी.

१८३० चे दशक : वरचा मजला

१८३७ मध्ये मुहम्मद अली रोघे या व्यापाऱ्याने मशिदीवर आणखी एक मजला चढवला. रोघे हे कोकणी मुसलमान समाजातले बडे व्यापारी. जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्याबरोबर चीनच्या व्यापारात त्यांची भागीदारी होती. पारशी, जैन आणि कोकणी मुसलमान यांनी मिळून धंदा करण्याचा तो काळ होता, आणि त्या धंद्याचा पैसा तिघांच्याही समाजांच्या धर्मादाय कामांत गेला. देणगी एका नावाने नोंदली गेली तरी मजला उभारणारे हात अनेकांचे होते. सुतार, गवंडी, पाथरवट आणि वर्गणी देणारी सामान्य जमात यांची नावे कुठे नोंदलेली नसली, तरी श्रेय त्यांचेही आहे.

वरच्या मजल्याचा भार लाकडी खांबांच्या पाच ओळींवर आहे. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या आणि कोकणात माडीची घरे उभारणाऱ्या कारागिरांना लाकडी खांब-तुळयांचे काम म्हणजे हातचा मळ होता. मशिदीतले खांब मात्र आणखी एक काम करतात. प्रत्येकात पवित्र ग्रंथ ठेवण्यासाठी कोनाडा आहे. नमाजीला कुराण घ्यायला उठून कपाटापर्यंत जावे लागत नाही, हात लांबवला की जवळच्या खांबातून ग्रंथ घेता येतो. इमारत तोलणारा खांबच ग्रंथाचे स्थान होतो. या लहानशा सोयीत बांधणाऱ्यांची दृष्टी दिसते : जागा थोडी, माणसे पुष्कळ, आणि उपासना व अध्ययन ही कामे निराळी नव्हेत.

१८७० चे दशक : सोळा काळ्या कमानी

कापसाच्या तेजीनंतरची मुंबई दगडी इमारतींची झाली. मशिदीच्या शेजारी १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले. १८७४ मध्ये तळ्यातून सोळा काळ्या दगडी कमानी उभारण्यात आल्या, आणि तेव्हापासून मशिदीची सारी इमारत त्यांवर पेललेली आहे. वर चढलेला मजला आणि वाढती गर्दी यांचा भार खाली पाण्यात उतरत होता, हे पाहता या कामाचे प्रयोजन उघड आहे. काळा पाषाण हा सह्याद्रीचा आणि मुंबई बेटांचा स्वतःचा दगड, पाण्यात टिकणारा. कमान ही इस्लामी वास्तुकलेची खूण मानली जाते. पण इथे कमानीला प्रवेशद्वाराची शोभा व्हायचे नव्हते. तिने पाण्यात उभे राहून वरचे सारे ओझे घेतले. कमानीचे शास्त्र एका परंपरेतले, दगड व तळे दुसरीकडचे, आणि दोन्हींचा मेळ नेमका भार पेलण्याच्या जागी.

इथे दुसरा, अधिक गंभीर आक्षेप विचारात घ्यायला हवा. इस्लामी आणि देशी वास्तुशैलींचा संगम म्हटला की अहमदाबादची जामा मशीद डोळ्यांसमोर येते, तिचे २६० खांब आणि त्यांवरची मंदिरशैलीशी नाते सांगणारी घडण आठवते. विजापूरचे घुमट आठवतात. त्यांच्या तुलनेत मुंबईच्या या मशिदीत भव्य घुमट नाही, दगडी जाळीचे नामांकित काम नाही. मग तिला त्या पंक्तीत बसवणे आपलेपणाच्या पोटी होत नाही ना? उत्तर असे की, तिला त्या पंक्तीत बसवूच नये. अहमदाबाद आणि विजापूर या राजधान्या होत्या. तिथल्या मशिदी सुलतानांनी बांधल्या आणि सत्तेचे वैभव दाखवणे हे त्यांचे एक काम होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या मशिदींची परंपरा निराळी आहे. कालिकतची मिष्कालपळ्ळी चौदाव्या शतकात एका जहाजमालकाने बांधली. तिच्यावर घुमट नाही, उतरत्या छपरांचे लाकडी मजले आहेत, आणि ती कुट्टिचिरा तळ्याच्या काठावर आहे. गोव्यात फोंड्याची साफा मशीद १५६० ची, आदिलशाही काळातली. तिच्या शेजारी जांभ्या दगडाचे पायऱ्यांचे मोठे तळे आहे आणि तळ्याच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे आहेत. या दोहोंना शेजारी ठेवले की मुंबईच्या मशिदीची जात कळते. तळे, लाकूड, स्थानिक दगड आणि व्यापाऱ्यांचे दातृत्व ही किनाऱ्याच्या मशिदींची लक्षणे आहेत. मुंबईने त्यांत भर घातली ती एवढीच की, तळ्याच्या काठी उभी असणारी मशीद इथे तळ्याच्या माथ्यावर आली. घुमटाच्या मापाने मोजले तर ती उणी भरेल, पण किनाऱ्याच्या मापाने पाहिले तर ती त्या परंपरेचा पूर्ण विकास आहे.

१८९० चे दशक : पायऱ्या आणि कारभाराची घडी

१८९३ हे साल मुंबईला जातीय दंगलींमुळे जड गेले आणि मशिदीच्या परिसरालाही त्याची झळ लागली. त्याच सालात तळ्याला दगडी पायऱ्या आणि बांधीव कठडे झाले. पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरायचे, पाण्याशी बसायचे, हातपाय धुवायचे ही रीत या भूमीत कोणत्याही एका धर्माची नाही. वाळकेश्वरच्या बाणगंगेला पायऱ्या आहेत, कोकणातल्या गावोगावच्या तळ्यांना आहेत. वजूचा विधी इस्लामी, उतरण्याची रीत देशी. १९०९ साली मुंबई शहर आणि बेटाचे गॅझेटियर प्रसिद्ध होऊ लागले. त्यातल्या वर्णनात सुमारे १० फूट खोल पाणी, तळातून येणारे झरे, त्यात फिरणारे सोनेरी-रुपेरी मासे आणि कासवे यांची नोंद आहे. मासे व कासवे पाणी जिवंत राखतात, हे ज्ञानही तळ्यांच्या या देशातलेच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यवस्थापनाचीही घडी बसली. जमातीत कारभारावरून जे प्रश्न निर्माण झाले होते त्यांची तड उच्च न्यायालयात लागली आणि न्यायालयाने योजना आखून दिली. जमातीने विश्वास टाकलेले ११ संचालकांचे मंडळ आणि रोजचा कारभार पाहणारा नाझर अशी ही व्यवस्था. एका घराण्याच्या किंवा एका अधिकाऱ्याच्या हातातला कारभार मंडळाकडे येणे ही त्या काळाच्या मानाने मोठी पायरी होती. आधीची पिढी आणि नंतरचे संचालक, दोघांच्याही हातून संस्थेची मालमत्ता वाढली आणि तळे राखले गेले. मतभेदांचे मोजमाप करायचेच तर याच कसोटीवर करावे.

१९१० नंतरची दशके : शहराची तळी बुजली, हे राहिले

विसाव्या शतकाच्या आरंभी या तळ्याची खरी परीक्षा झाली. १८६० मध्ये विहारचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी शहरात आले तेव्हा तळ्यांची गरज सरली, असे शहराने मानले. १८९६ च्या प्लेगनंतर शहराने दाट वस्तीतल्या ओलाव्याची धास्ती घेतली. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांचा मुंबईतील हिवतापाविषयीचा अहवाल आला आणि डासांची पैदास रोखण्यासाठी विहिरी व पाणसाठे बंद करण्याची मोहीम सुरू झाली. धोबीतलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक आज नावापुरते उरले आहेत. मशिदीपासून हाकेच्या अंतरावरचे मुंबादेवीचे तळेही बुजले. ज्या शहराचे पत्ते अजूनही तळ्यांच्या नावांनी सांगितले जातात, त्या शहरात पेठेच्या ऐन मध्यभागी हे एक तळे पाण्याने भरलेले राहिले.

हा योगायोग होता, असे म्हणता येईल. तळ्यावर इमारतच असल्याने ते बुजवणे अवघड होते, एवढाच त्याचा अर्थ, असेही कोणी म्हणेल. यात तथ्य आहे, आणि ते लेखाच्या म्हणण्याला पुष्टीच देते. इतर तळी जेव्हा पाणी भरण्याच्या उपयोगापुरती उरली, तेव्हा नळ येताच त्यांचा आधार संपला. या तळ्याची मुळे मात्र उपासनेत, वास्तूच्या पायात आणि दानाच्या शर्तीत गुंतलेली होती, म्हणून एक उपयोग कमी झाल्याने ते निराधार झाले नाही. वारसा कसा टिकतो याचा हा धडा शहर नियोजन करणाऱ्यांनीही घ्यावा असा आहे. निव्वळ शोभेसाठी किंवा निव्वळ सोयीसाठी राखलेली गोष्ट काळाच्या पहिल्या धक्क्याला जाते. रोजच्या जगण्यात गुंतलेली गोष्ट तग धरते.

१९५० ते १९९० : ग्रंथ आणि शाळा

स्वातंत्र्योत्तर दशकांत संस्थेची ओळख शिक्षणाच्या अंगाने अधिक ठळक झाली. मशिदीशी जोडलेला मदरसा मुहम्मदिया आणि त्याचे ग्रंथालय हा संस्थेचा मोठा ठेवा आहे. या कुतुबखान्यात अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखिते व छापील ग्रंथ आहेत. धर्मशास्त्र, व्याकरण, इतिहास, वैद्यक असे नाना विषय त्यांत येतात. खांबातल्या कोनाड्यापासून सुरू झालेली ग्रंथसेवा कपाटांपर्यंत आणि तिथून अभ्यासकांपर्यंत पोहोचली. रोघे घराण्याचे नाव १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांत आढळते, हेही इथे आठवावे. मशिदीसाठी मजला चढवणारा समाज शाळेसाठीही उभा राहिला. मुंबईत तोवर उत्तर हिंदुस्थानातून, गुजरातेतून आलेल्या मुसलमानांची संख्या खूप वाढली होती. कोकणी जमातीने उभारलेली ही मशीद साऱ्यांची झाली, आणि ते होताना तिने आपला शाफई वारसा सोडला नाही. एका समाजाची संस्था साऱ्या शहराची होऊ शकते, त्यासाठी तिला स्वतःची मुळे उपटावी लागत नाहीत, हे या चार दशकांनी दाखवले.

२००० पासून आजवर

आजचे कार्य तीन अंगांनी चालते. पहिले, उपासना आणि धार्मिक मार्गदर्शन. रमजान आणि ईदच्या चंद्रदर्शनाची साक्ष तपासून ते जाहीर करणारी हिलाल समिती इथेच बसते आणि शहर तिच्या निर्णयाकडे कान देऊन असते. दुसरे, शिक्षण आणि ग्रंथालय. तिसरे, मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाची व्यवस्था, जी संस्थेच्या विश्वस्तांकडे आहे. २०२० च्या कोविड साथीत या कामाचे मोल शहराला कळले. दफनाविषयी भीती आणि गैरसमज पसरलेले असताना इथे शासकीय नियम पाळून दफने झाली. या कब्रस्तानाशी जोडलेल्या स्वयंसेवकांनी, ज्यांचे आप्त पोहोचू शकत नव्हते अशा हिंदू मृतांनाही स्मशानापर्यंत नेले. त्या काळात राबलेले खोदकाम करणारे, रुग्णवाहिका चालवणारे आणि रात्रपाळीला थांबणारे कार्यकर्ते यांच्यापुढे हा लेख कृतज्ञतेने नतमस्तक आहे.

पुढच्या काळाकडे पाहताना एक शेवटचा आक्षेप उरतो. १८३७, १८७४, १८९३ असे इतके फेरफार झाल्यावर १८०२ ची मशीद उरली कुठे? वास्तूच्या जतनाचा अर्थ मूळ दगड न हलवणे असा घेतला, तर हा आक्षेप खोडता येणार नाही. पण प्रत्येक फेरफाराची दिशा पाहिली तर उत्तर मिळते. मजला चढला तो तळे न घटवता. कमानी आल्या त्या तळ्यातून उठून भार घेण्यासाठी. पायऱ्या झाल्या त्या पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी. दर वेळी गरज नवी होती, आणि दर वेळी जुनी बोली पाळूनच ती भागवली गेली. म्हणून जतन करायचे ते सर्वांत आधी हे वागणे, आणि त्याच्या आधाराने दगड, लाकूड आणि पाणी.

आज पेठेत जमिनीचा दर आकाशाला भिडला आहे, शेजारी उंच इमारतींचे पाये खोल जात आहेत, आणि भूगर्भातल्या झऱ्यांना त्यांचा धोका आहे. तेव्हा संस्थेच्या येत्या वर्षांच्या कार्यक्रमात तळ्याच्या पाण्याची नियमित तपासणी, कमानी आणि लाकडी खांबांची तज्ज्ञांकडून मोजणी व नोंद, आणि कुतुबखान्यातील हस्तलिखितांचे शास्त्रीय जतन ही तीन कामे अग्रक्रमाने यावीत. त्यांना खर्च लागेल आणि जागेची गरज तर सदैव असणारच. पण तळ्याची अट आधी आणि मजल्याची गरज नंतर, हा क्रम या संस्थेने आजवर सोडलेला नाही. तो तसाच चालू ठेवणे हीच १८०२ च्या बांधणाऱ्यांशी आणि त्यांच्यानंतर राबलेल्या असंख्य अनाम हातांशी खरी इमानदारी ठरेल.